पहिली राजधानी आणि झाकलेला डबा

शहामृगाचा डोळा त्याच्या मेंदूपेक्षा मोठा असतो, ही माहिती मला ज्या गृहस्थांनी दिली, त्यांच्या घरी मी आता पाणीही पीत नाही. माहिती खरी आहे. मी तपासून पाहिली. गृहस्थांबद्दल तसं म्हणता येत नाही.

ते माझे साडभाऊ, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. दोघी बहिणी रामाकोन्याच्या. थोरली पांढुर्ण्याला दिली, धाकटी मला, सौंसरला. साडभाऊंचं पांढुर्ण्याला शाळेच्या पुस्तकांचं दुकान आहे. स्पर्धा परीक्षांची, सामान्य ज्ञानाची पुस्तकं विकता विकता त्यांनी ती वाचून टाकली आणि मग ती लोकांवर सोडायला सुरुवात केली. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात. मध कधी खराब होत नाही. फुलपाखरू पायानं चव घेतं. माणूस जेवायला बसला की हे सुरू. मयतीला गेले तरी परतताना गाडीत सुरू.

माझा नागपूर रस्त्यावर धरमकाटा आहे. संत्र्याच्या गाड्या, कापूस, मका, कधी गिट्टी. आधी रिकामी गाडी तोलायची, मग भरलेली, आणि मधला फरक हाच माल. एवढंच माझं काम, पण त्यात एक गोष्ट आयुष्यभरासाठी कळते. सगळा खोटा माल कुणीच आणत नाही. कापूस खराच असतो, त्यावर थोडं पाणी मारलेलं असतं. साडभाऊंचं ज्ञान तसं आहे. दहा गोष्टी खऱ्या, त्यात दोन ओल्या. चीनची भिंत म्हणे चंद्रावरून दिसते. लाल कापड पाहून म्हणे बैल चवताळतो.

बैलाचं मी एकदा दुरुस्त करायला गेलो. म्हटलं, “साडभाऊ, बैलाले लाल रंग धड ओळखूच येत नाही. कापड हलते म्हणून तो धावते.”

ते हसले. “असं? मग पोळ्याले शिंगं लाल काहून रंगवता तुम्ही?”

बैठक हसली. यात उत्तर नव्हतं, पण हसू होतं, आणि आमच्याकडे बैठक ज्याच्या बाजूनं हसेल तो बरोबर.

हे सगळं मी चालवून घेत होतो. नातं आहे, बायकोचं माहेर आता त्या एका बहिणीपुरतंच उरलं आहे, म्हणून गप्प बसायचो. गेल्या गणपतीत मात्र त्यांनी तोच खेळ माझ्या मुलीशी केला.

आमच्या मोहल्ल्याच्या मंडपात दरवर्षी सामान्य ज्ञानाची स्पर्धा असते. प्रश्न विचारायला साडभाऊ पांढुर्ण्याहून येतात, हार-नारळ घेतात, माईक घेतात आणि मग तो सोडत नाहीत. माझी मुलगी दहावीला आहे. अभ्यासात बरी, बोलण्यात कमी. चारचौघांत हात वर करणं तिला जड जातं. शाळेत उत्तर येत असलं तरी ती वहीत लिहून ठेवते आणि दुसरं कुणी ते सांगेपर्यंत वाट पाहते. त्या दिवशी ती बसली हेच आमच्या घरात मोठं होतं. बायकोनं तिची वेणी घालून दिली, मी तिसऱ्या रांगेत जाऊन बसलो.

ती चांगली चालली होती. शेवटाला दोघीच उरल्या, ती आणि एका शिक्षकाची मुलगी. साडभाऊंनी चष्मा सारखा केला आणि विचारलं, “मध्यप्रदेशची सर्वात पहिली राजधानी कोणती? भलेभले चुकतात बरं का.”

मुलीनं हात वर केला. मी हे लिहितो आहे तेव्हाही तो हात मला दिसतो, कोपरात वाकलेला, अर्धाच वर. ती म्हणाली, “नागपूर.”

साडभाऊंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. माईक तोंडाजवळ आणला.

“पोरी, हा प्रश्न राजधानीचा आहे. लग्नाच्या बस्त्याचा नाही!”

मंडप फुटला. आमच्याकडची माणसं लग्नाचा बस्ता फाडायला, म्हणजे कपडे घ्यायला, नागपूरला जातात, डोळे तपासायला नागपूरला जातात, घरी नवा पाहुणा आला की त्याला फिरवायलाही नागपूरलाच नेतात. भोपाळ कुणी पाहिलेलं नसतं. म्हणून तो टोला बरोबर बसला. शिक्षकाची मुलगी हसत हसत “भोपाळ” म्हणाली आणि तिला स्टीलचा जग मिळाला.

उत्तर नागपूरच आहे. एकोणीसशे पन्नास साली मध्यप्रदेश हे नाव आलं तेव्हा राजधानी नागपूर होती. छप्पन साली राज्यांची नवी वाटणी झाली, विदर्भ तिकडे गेला, आम्ही इकडे राहिलो आणि राजधानी भोपाळला गेली. आमच्या घरात हे पुस्तकातून आलेलं नाही. माझे आजोबा नागपूरला निघाले की “राजधानीला जाऊन येतो” म्हणायचे. राजधानी हलली तरी त्यांनी शब्द हलवला नाही. बाबांनी तोच चालवला, मीही तोच चालवतो. माझ्या मुलीनं उत्तर पाठ केलेलं नव्हतं. ती घरातलं बोलली होती.

मी उठलो. “साडभाऊ, उत्तर बरोबर आहे.”

“काय म्हणून राहिले?”

“नागपूर बरोबर आहे. छप्पनच्या आधी नागपूरच होती.”

त्यांनी लोकांकडे पाहिलं, माझ्याकडे नाही. “आमचे साडभाऊ आहेत. काट्यावर बसतात.” मग मला म्हणाले, “वजन तुम्ही करा जी. प्रश्न मले विचारू द्या.”

मंडप दुसऱ्यांदा हसला. मुलगी मान खाली घालून खुर्चीच्या पायाकडे पाहत होती.

घरी आल्यावर तिनं एकच विचारलं, “बाबा, तुम्ही काहून उठले?”

“तुझं बरोबर होतं म्हणून.”

“मले माहीत होतं ते. एकदाच हसले असते ना लोक.”

शाळेत तिचं नाव ‘बस्ता’ पडलं. मुलीच हाक मारायच्या, “ए बस्ता, तुझी राजधानी कुठं आहे?” तिनं शाळेत तोंड उघडणं बंद केलं. आधी उत्तर वहीत तरी लिहायची, तेही बंद झालं असं तिच्या बाई मला रस्त्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या. त्यांनी आणखी एक सांगितलं. दिवाळीच्या आधी जिल्ह्याची प्रश्नमंजूषा होती. त्यांना तिचं नाव पाठवायचं होतं, आणि ती नाही म्हणत होती.

आमचा जिल्हा आता पांढुर्णा. आजोबांपासून आमचं घर एक इंचही हललं नाही, पण त्याची राजधानी बदलली आणि परवा-परवा जिल्हाही बदलला. कोणत्याही कामाला छिंदवाड्याला जायचो, आता पांढुर्ण्याला जातो. म्हणजे स्पर्धा साडभाऊंच्या गावात. मुलगी आईला म्हणाली, “तिथं मावसाजी समोर बसतील. मी नाही जात.” तिच्या आवाजात रुसवा नव्हता, हिशेब होता. तो मला कळला आणि मला भयंकर राग आला.

मला भरपाई नको होती. तो जगही नको होता. माझी मागणी एकच होती. ज्या माईकवर त्यांनी लोकांना तिच्यावर हसवलं, त्या माईकवर एक वाक्य बोलायचं: मुलीचं उत्तर बरोबर होतं. मोजून चार शब्द.

स्पर्धेच्या दुसऱ्याच दिवशी मी गावच्या वाचनालयात गेलो, इतिहासाचं पुस्तक काढलं, पान पाहिलं आणि साडभाऊंना फोन केला. त्यांनी ऐकून घेतलं.

“तो जुना मध्यप्रदेश झाला,” ते म्हणाले. “मी नव्याचं विचारून राहिलो होतो.”

“तुम्ही ‘सर्वात पहिली’ म्हटलं होतं.”

“बोलण्यात येते तसं. ऐकणाऱ्याले समजते.”

“लेकराले कसं समजंल? नव्याचं विचारायचं होतं तर त्यात भलेभले काय चुकतात?”

ते आवाज खाली आणून म्हणाले, “बरं, असंल तुमचं बरोबर. पुस्तकात असंल तर असंल. मग आता काय करू? गणपती गेले न जी. माईक लावून गावाले बोलावू?”

“अजून गेले नाहीत. परवा जातात.”

“तुम्ही लई ओढता बुवा,” असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

हे मला सगळ्यात जास्त लागलं. चुकलेला माणूस मी समजू शकतो. जुना आणि नवा मध्यप्रदेश हा गोंधळ होण्यासारखाच आहे, आम्ही दरवर्षी एक नोव्हेंबरला राज्याचा स्थापना दिवस साजरा करतो आणि त्याच्या आधी जणू इथं काही नव्हतंच. पण चूक कळल्यावरही खासगीत एक बोलायचं आणि मंडपात दुसरं राहू द्यायचं, याला गोंधळ म्हणत नाहीत. मंडळाच्या पोरांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, “काका, घरचा मामला आहे, घरात मिटवा.” दोन दिवसांनी गणपती गेले.

त्यानंतर मी पांढुर्ण्याला जाणं सोडलं. बायको चिडली.

“ताईनं काय केलं तुमचं?”

“काही नाही.”

“मग तिच्या घरचं पाणी काहून बंद?”

“ते घर त्यांचंही आहे.”

“एका नागपुराच्या पायी माझं माहेर तोडता का?”

“मी कुठं तोडलं? तू जा. मी नाही येत.”

दरवर्षी गोटमारीच्या जत्रेत जाम नदीच्या दोन काठांवर उभे राहून पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांना गोटे मारतात आणि दुसऱ्या दिवशी एकमेकांच्या दुकानात सौदा घेतात. बायकोनं मला हे उदाहरण दिलं. मी म्हटलं, तिथं गोटा मारणारा निदान हात मागे लपवत नाही.

असा महिना गेला. कोजागिरी जवळ आली आणि आमच्या घरी भुलाबाईचा दिवस आला. आमच्याकडे महिनाभर मुली संध्याकाळी घरोघर भुलाबाईची गाणी म्हणतात, आणि गाणी संपली की खिरापत. खिरापत झाकलेल्या डब्यात असते. घरची मुलगी डबा हलवून दाखवते, बाकीच्यांनी आवाजावरून, वासावरून ओळखायचं. गोड की तिखट एवढं विचारता येतं. ओळखता आलं नाही तर “हरलो” म्हणायचं, मग झाकण उघडतं. “हरलो” म्हटल्याशिवाय उघडत नाही. हा नियम चार वर्षांच्या पोरीलाही माहीत असतो.

माझी मुलगी या खेळातून दोन वर्षांपूर्वीच निघाली होती, मोठी झाली म्हणून. पण त्या आठवड्यात मी कामानं नागपूरला निघालो तर ती दारात आली.

“बाबा, राजधानीला जाऊन राहिले का?”

महिन्याभरात तो शब्द घरात कुणी काढला नव्हता.

“हो.”

“संत्रा बर्फी आणाल? भुलाबाईच्या खिरापतीले. डबा मी धरीन.”

मी आणली. मला वाटलं, लहान पोरींची हौस करते आहे.

बायकोनं बहिणीला बोलावलं होतं. साडभाऊ येतील असं मला वाटलं नव्हतं, पण ते आले, जणू काही झालंच नाही असे आले. आल्या आल्या चहात दोन चमचे साखर घातली आणि मोहल्ल्यातल्या पोरींना सांगायला लागले की मधमाशी नाचून दुसऱ्या मधमाशीला फुलाचा पत्ता सांगते. खरं आहे ते. मी ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बसलो. आम्ही एकमेकांना “या” आणि “बसा” एवढंच म्हटलं.

दिवे लागायच्या सुमाराला गाणी संपली. मुलगी आतून डबा घेऊन आली. पोरींचा गलका सुरू झाला.

“गोड का तिखट?”

“गोड.”

“लाडू!”

“नाही.”

“खोबऱ्याची वडी!”

“नाही.”

“शिरा! ताई, शिरा आहे, हो ना?”

“शिरा हलवल्यावर वाजते का गं?” ती म्हणाली आणि सगळ्या हसल्या. तिच्या बोलण्यावर कुणी हसलेलं मी महिन्यानंतर ऐकत होतो. हे हसणं वेगळं होतं.

साडभाऊंना राहवलं नाही. “इकडं आण. तुमच्यानं नाही होणार. माणसाचं नाक हजारो वास ओळखते, पण वापरता आलं पाहिजे.”

ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. त्यांनी डबा कानाशी नेला, हलवला, हुंगला आणि तिला परत दिला. “खव्याचं आहे. चौकोनी. पेढा नाही.” या बाबतीत माणूस हुशार आहे, ते मी नाकारत नाही. “आणखी एक इशारा दे, सांगून टाकतो.”

“देऊ?”

“दे न.”

मुलगी म्हणाली, “मध्यप्रदेशच्या सर्वात पहिल्या राजधानीतून आणलं.”

तिचा आवाज बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. ओट्यावरच्या मोठ्या माणसांनी माना वळवल्या. लहान पोरींना काही कळलं नाही, त्या कोरसमध्ये ओरडल्या, “सांगा! सांगा!”

साडभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. “हे तुम्ही शिकवलं तिले.”

मी बोलायच्या आत तीच म्हणाली, “बाबानं फक्त आणलं, मावसाजी. शिकवलं नाही.”

आता त्यांना दोनच रस्ते होते. संत्रा बर्फी म्हणायचं, म्हणजे नागपूर कबूल. किंवा हरलो म्हणायचं. डब्यात काय आहे हे तोवर ओट्यावरच्या प्रत्येक मोठ्या माणसाला कळलं होतं. त्यांना तर आधी कळलं होतं. त्यांच्या ओठांवर ते आलेलं मी पाहिलं आणि परत गेलेलंही पाहिलं.

“हरले का? हरले का?” पोरींनी टाळ्या धरल्या.

“हा पोरीसोरींचा खेळ आहे. मी काही खेळून राहिलो नाही.”

“तुम्हीच म्हटलं इकडं आण!” एक बारकी पोर म्हणाली.

“तुम्हाले माहीत आहे का,” ते तिच्याकडे वळून म्हणाले, “गोगलगायीले हजारो दात असतात.”

“डबा उघडा न आधी!”

मुलगी हलली नाही. दोन्ही हातांनी डबा धरून त्यांच्यासमोर उभीच राहिली. मला वाटत होतं उठावं आणि हा सगळा प्रकार संपवावा, आणि वाटत होतं कधीच संपू नये. मी ओट्याचा काठ घट्ट धरून बसलो. या वेळी मी उठायचं नव्हतं, एवढं मला समजत होतं.

शेवटी बोलल्या त्या तिच्या मावशी. साडभाऊंच्या पत्नी, माझ्या बायकोची ताई. गाणं सोडून ज्यांचा आवाज त्या घरात मी फार ऐकला नव्हता.

“संत्रा बर्फी,” त्या म्हणाल्या. “नागपूरची. मध्यप्रदेशची पहिली राजधानी नागपूर. उघड बाई, पोरी उपाशी आहेत.”

साडभाऊ म्हणाले, “तुले कोणी विचारलं?”

“खेळात कोणीही सांगू शकते,” त्या म्हणाल्या. “नियम आहे.”

मुलीनं झाकण काढलं. आधी मावशीच्या हातात एक वडी दिली, मग पोरींना वाटली. सगळ्यात शेवटी ताटली घेऊन साडभाऊंकडे गेली.

“मले साखर आहे,” ते म्हणाले.

चहातल्या दोन चमच्यांबद्दल मी काही बोललो नाही. मोजले मात्र होते.

फाटकापाशी त्यांनी मला गाठलं. “पोरीले लई धार लावली तुम्ही.”

“मी नाही. माईक तुमच्या हातात होता.”

ते गाडीत बसले. त्यांच्या पत्नी मागच्या सीटवर बसल्या. पुढे जागा होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी दप्तर भरता भरता म्हणाली, “बाबा, पांढुर्ण्याले सकाळची पहिली बस कितीची आहे?”

मी वेळ सांगितली. मग म्हटलं, “मी येऊ का संग?”

तिनं विचार केला. “या. पण उठू नका.”

स्पर्धेच्या दिवशी मी गेलो, सगळ्यात मागच्या रांगेत बसलो. ती तिसरी आली. एका प्रश्नाचं उत्तर तिनं चुकवलं, पृथ्वीवरच्या सगळ्यात मोठ्या वाळवंटाचं. तिनं सहारा म्हटलं. परीक्षक म्हणाले, अंटार्क्टिका, कारण वाळवंट उष्णतेवर ठरत नाही, पावसावर ठरतं. मी घरी येऊन तपासलं. परीक्षकांचं बरोबर होतं. साडभाऊ सभागृहात नव्हते. त्यांचं दुकान तिथून चार पावलांवर आहे आणि ते उघडं होतं.

बायकोचं म्हणणं आहे की ताईनं सगळ्यांसमोर सांगितलं, तेव्हा हिशेब मिटला. ती पांढुर्ण्याला जाते, बहिणीकडे राहते, मी तिला बसवर सोडतो. पण ताईंचं बोलणं ताईंचं आहे. ज्यांनी बोलायचं होतं ते बोलले नाहीत. रिकामी गाडी एकाची आणि भरलेली दुसऱ्याची, असं वजन मी करत नाही.

त्यांचे मेसेज मात्र रोज येतात, सगळ्या नातेवाइकांना एकदम. आज सकाळचा असा होता: जिराफाची मान एवढी लांब, पण तिच्यात माणसाइतकीच, सातच हाडं असतात.

मी तपासलं. बरोबर आहे. उत्तर दिलं नाही.